लांब राहतो म्हणून दंड!

पेट्रोल पंपावरच्या पोराशी दरावरून हुज्जत घालणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. आज त्यांच्याविरुद्ध लिहिणार आहे. आणि मग ज्यांच्याशी त्यांनी हुज्जत घालायला हवी, पण कधीच घालत नाहीत, त्यांच्याविरुद्ध.

खुलताबादहून छत्रपती संभाजीनगरला जायचे म्हणजे पंचवीसेक किलोमीटर. वाटेत दौलताबादचा घाट, तो जुना दरवाजा आणि त्यात अडकलेली एखादी बस. एवढ्याशा वाटेवर चार पंप लागले तर फलकांवर चार आकडे दिसू शकतात. इथे बारा पैसे जास्त, तिथे वीस पैसे कमी. लगेच आपल्या लोकांचा निकाल तयार! "हा पंपवाला लुटतोय. पुढच्या पंपावर चला." आमच्या घरातले इंजिनियर झालेले भाचे-पुतणेसुद्धा फलकांचे फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि खाली लिहितात, लूट! (साधे पेट्रोल आणि प्रीमियम पेट्रोल यांचे आकडे शेजारी ठेवून लूट शोधणारेही आहेत. त्यांच्याविषयी काय लिहायचे?)

अहो, सरकारी तेल कंपन्यांच्या पंपावर दर पंपवाला ठरवतच नाही. तो कंपनी ठरवते. पूर्वी महिन्यातून दोनदा दर बदलायचा. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता नवा दर लावायची पद्धत सुरू झाली. पंपवाल्याला लिटरमागे ठरलेले कमिशन मिळते. मापात मारले, भेसळ केली, तर त्याची गचांडी जरूर धरा. भेसळीचा धंदा किती भयंकर असतो ते आपण पाहिले आहे. मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळले. पंपावर पाच लिटरचे शिक्कामोर्तब केलेले माप ठेवलेले असते, ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. ते मात्र कोणी मागत नाही. बारा पैशांसाठी घसा कोरडा करतील, माप मागायला लाजतील. असो.

मग हे बारा-वीस पैसे येतात कुठून? आपल्याकडचे पेट्रोल येते मनमाडजवळच्या पानेवाडीहून. तिथे तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत, मुंबईच्या रिफायनरीतून नळाने तेल तिथवर येते आणि तिथून पुढे टँकरने. २०२४ च्या जानेवारीत 'हिट अँड रन' कायद्याविरुद्ध टँकरचालकांनी काम बंद केले, तेव्हा एका-दोन दिवसांत पंपांवर रांगा लागल्या होत्या. आपला पाळणा कोणाच्या दोरीला टांगला आहे ते तेव्हा सगळ्यांना समजले. तर या साठ्यापासून प्रत्येक पंपाचे अंतर मोजलेले असते आणि त्या अंतराचे टँकरभाडे त्या पंपाच्या दरात मिसळलेले असते. एका रस्त्यावरचे दोन पंप, दोन कंपन्यांचे, म्हणून दोन हिशेब. यात चोरी नाही.

चोरी नाही, पण अन्याय आहे. आणि तो कुठे आहे हे पाहायचे तर आपल्या या चार पंपांवरून उठून परभणीला जावे लागेल. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पेट्रोल भडकले तेव्हा 'राज्यात सर्वांत महाग पेट्रोल परभणीत' अशा बातम्या देशभर झळकल्या. मुंबईच्या वाहिन्यांना त्याची मोठी गंमत वाटली. परभणीत काय अशी श्रीमंती उतू चालली होती? काही नाही हो. पानेवाडी तिथून तीनेकशे किलोमीटर, एवढाच परभणीकरांचा गुन्हा. म्हणजे ज्या जिल्ह्यात कारखाने कमी, पाऊस बेभरवशाचा, त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरमध्ये डिझेल घालताना राज्यात सर्वांत जास्त पैसे मोजायचे. लांब राहतो म्हणून दंड!

आता याच्याही वरची गंमत ऐका. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस, अर्थशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण शेकडेवारी मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवली आहे. पेट्रोलचा दर असा रचला जातो: आधी तेलाची मूळ किंमत, त्यात टँकरभाडे, त्यात केंद्राचे उत्पादन शुल्क, त्यात पंपवाल्याचे कमिशन. आणि या सगळ्या बेरजेवर राज्याचा व्हॅट, टक्केवारीने! पेट्रोलला शेकडा २५ धरा. म्हणजे लांबच्या गावाला भाड्याचा एक रुपया जास्त पडला की ग्राहकाला सव्वा रुपया जास्त पडतो. एक रुपया टँकरवाल्याचा, पंचवीस पैसे सरकारचे. सरकारने रस्त्याचे अंतर कमी केले नाही, डेपो जवळ आणला नाही, आणि तुम्ही लांब आहात या गोष्टीवरच कर लावला. याला काय म्हणायचे? मी तरी याला लूट म्हणतो. आमच्या भाच्या-पुतण्यांनी तो शब्द इथे वापरावा.

शहराच्या हद्दीचीही एक कथा आहे. कित्येक वर्षे राज्यात व्हॅटचे दोन दर होते. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, अमरावती आणि आपले (तेव्हाचे) औरंगाबाद इथे पेट्रोलवर शेकडा २६ आणि डिझेलवर २४. उरलेल्या महाराष्ट्रात २५ आणि २१. महापालिकेची हद्द ओलांडली की दर बदलायचा. कराआधीची किंमत ७५ रुपये धरली तर लिटरमागे ७५ पैशांचा फरक. तेवढ्यासाठी शहरातून खुलताबादला येऊन दोन लिटर भरणाऱ्याने दीड रुपया वाचवला असता आणि जाण्या-येण्याच्या पन्नास किलोमीटरमध्ये जवळजवळ एक लिटर जाळले असते. (परप्रांताच्या सीमेवर मात्र ही चैन परवडते. गोव्यात मनोहर पर्रीकरांनी २०१२ मध्ये पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा लिटरमागे अकरा रुपये उतरले होते.) पुढे २०२४ च्या अर्थसंकल्पात, राज्यात करात समानता यावी म्हणून, मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचे दर २५ आणि २१ वर आणले गेले. उत्तम केले. पण मग समानता हे तत्त्व एकदा मान्य केल्यावर ते मुंबईपाशीच का थांबावे? कर समान आणि ज्यावर कर लावायचा ती रक्कम असमान, ही कसली समानता?

"लांब माल न्यायला खर्च येणारच, तो कोणीतरी भरलाच पाहिजे," असे आमचे पुण्याचे जावईबापू म्हणतात. खरे आहे. पण बिस्किटाचा पुडा मुंबईत आणि परभणीत एकाच किमतीला मिळतो ना? तोही ट्रकनेच येतो. युरियाची गोणी देशभर सरकारने ठरवलेल्या एकाच दराने विकली जाते. टपालाचे तिकीट पाहा. पत्र शेजारच्या गल्लीत जावो की गडचिरोलीला. यांनी अंतर नाहीसे केले नाही, ते सगळ्यांत वाटून घेतले. समजा राज्यात विकल्या जाणाऱ्या दहा लिटरपैकी एकाच लिटरला दोन रुपये जादा भाडे पडते. ते दहा जणांत वाटले तर प्रत्येकाला वीस पैसे. म्हणजे ज्या वीस पैशांवरून आपण पंपावर भांडतो तेवढेच!

आणि घ्यायची वेळ आली की सरकारला हे वाटून घेणे बरोबर जमते. २०१५ साली दुष्काळासाठी म्हणून राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार लावला. तेव्हा कोणी किलोमीटर मोजले नाहीत. मलबार हिलला दोन रुपये आणि ज्याची विहीर आटली होती त्या मराठवाड्याच्या शेतकऱ्यालाही दोन रुपये. दुष्काळग्रस्ताच्या मदतीसाठी दुष्काळग्रस्ताकडूनच वर्गणी!

हे अशक्य आहे असेही कोणी सांगू नये. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस तेल कंपन्यांनीच साठ्यापासून दूर असलेल्या भागांसाठी राज्यांतर्गत वाहतूक खर्चाची फेरमांडणी केली आणि ओडिशा, छत्तीसगडमधल्या दुर्गम गावांतले दर उतरले. निवडणुकीची आचारसंहिता असलेले भाग तेव्हा त्यातून वगळले होते, आणि आपल्याकडे नेमकी विधानसभेची निवडणूक होती! आपले नशीबच तसे. पण कंपन्यांनी तत्त्व मान्य केले, हे महत्त्वाचे.

जीएसटीची वाट पाहा, असे सांगणारेही भेटतात. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पेट्रोल-डिझेल बाहेर ठेवले. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला, तर ही वेळ नव्हे असे ठरले. त्या वाटेला कोणी डोळे लावून बसू नये. माझी मागणी फार छोटी आहे. व्हॅट लावताना टँकरभाडे बेरजेतून वगळा, एवढेच. परभणीचा जादा रुपया एक रुपयाच राहू द्या, त्याचा सव्वा करू नका. व्हॅट राज्याचा आहे, त्यामुळे यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. मराठवाड्यातल्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून एकत्र उभे राहायचे ठरवले तर नागपूरचे एक अधिवेशन पुरे आहे.