जुनी मशीद

मुंबईच्या मांडवी भागात सॅम्युएल स्ट्रीटवर ज्यू धर्मीयांचे एक जुने प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’ असा होतो. परंतु कोकणातून आलेले बेने इस्राएल लोक, ज्यांची मातृभाषा मराठी, ते त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आले. ज्यू लोकांच्या देवालयाला मशीद कसे म्हणावे, असा प्रश्न नवख्याला पडेल. त्या समाजाला त्यात कधी नवल वाटले नाही. मूर्ती नसलेल्या एकेश्वराच्या प्रार्थनागृहासाठी शेजारच्या मुसलमानांच्या तोंडचा शब्द त्यांनी सहज उचलला. जवळच्या मस्जिद रेल्वे स्थानकाचे नावही या मंदिरावरूनच पडले, असे पुष्कळ जण सांगतात.

हे मंदिर 1796 साली सॅम्युएल दिवेकर यांनी स्थापिले. सामाजी हसाजी या नावानेही ते ओळखले जात. इंग्रजांच्या फौजेत असताना ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. त्यांच्या सुटकेची एक कथा बेने इस्राएल घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कैद्यांना त्यांची जात विचारली गेली, तेव्हा दिवेकरांनी ‘बेने इस्राएल’ असे उत्तर दिले. हे ऐकून टिपूची आई चकित झाली. कुराणात ज्यांचा उल्लेख वाचला, ते लोक तिने कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. तिने मुलाकडे त्यांच्यासाठी जीवदान मागितले. ही कथा इतिहासाच्या कसोटीवर उतरते की नाही, हे विद्वानांनी ठरवावे. तिच्यात कैदी वाचतो तो कोणी तरी त्याची विचारपूस केली म्हणून, एवढे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या दोन धर्मांत साम्ये थोडी नाहीत. ज्यूंचा अब्राहाम तोच मुसलमानांचा इब्राहीम; मोशे तोच मूसा. डुकराचे मांस दोघांनाही वर्ज्य. एक ‘शालोम’ म्हणतो, दुसरा ‘सलाम’. दोघेही समोरच्याला शांतीच चिंतितात. परंतु केवळ साम्ये मोजून संवाद होत नाही. मुसलमान महंमदांना अखेरचे पैगंबर मानतात, ज्यू तसे मानीत नाहीत. मुसलमान शुक्रवारी दुपारी नमाजासाठी जमतात. ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री सुटतो. कोकणात तेलाची घाणी चालविणारे बेने इस्राएल शनिवारी घाणी बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. असा भेद दिसला की काही जण तो झाकू पाहतात, काही त्यावरून भांडतात. ‘तुम्ही शनिवारी काम का करीत नाही?’ असे सरळ विचारणारा शेजारी या दोघांहून शहाणा म्हटला पाहिजे.

1948 साली इस्राएल हे राष्ट्र स्थापन झाले आणि पुढील काही दशकांत बेने इस्राएल समाजातील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. मागे जे राहिले, त्यात माझगावची एक शाळाही आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली आपल्या समाजाच्या मुलांसाठी ती काढली. पुढे तिला सर एली कदूरी यांचे नाव मिळाले. अलीकडच्या काळात तिच्या वर्गांतून मुख्यत्वे मुसलमान मुले शिकत आली आहेत. ज्यूंनी उभारलेल्या शाळेत मुसलमान मुले अक्षरे गिरवितात, आणि त्याचे कोणालाच विशेष वाटत नाही!

‘पश्चिम आशियात ज्यू आणि अरब यांच्यात एवढे रक्त सांडले, मग येथे हा विषय काढावाच कशाला? गोडीने नांदत आहेत, तसे नांदू द्यावे,’ असे काही भली माणसे म्हणतात. हे म्हणणे पटत नाही. दूरचे वैर न बोलावताही दाराशी येऊ शकते. 2008 च्या नोव्हेंबरात परदेशातून आलेल्या अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला केला. कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये ज्यू धर्मगुरू, त्यांची पत्नी आणि पाहुणे मारले गेले. त्यानंतर, ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा देण्यास मुंबईच्या मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला. निरपराधांचे प्राण घेणारा खरा मुसलमान असू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या दिवसांत असे स्पष्ट बोलणे आवश्यकच होते. ते लोक गप्प बसले असते, तर त्या मौनाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे लावला असता.

माझगावच्या शाळेतील मुलांनीही आपल्या शाळेविषयी विचारावे. ती कोणी बांधली? ते लोक कोठे गेले? त्यांची प्रार्थना कशी असते? वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज भारतात आता अवघ्या काही हजारांवर आला आहे. ही उत्तरे मराठीतून देऊ शकणारी म्हातारी माणसे मुंबईत आणि अलिबागच्या परिसरात अजून आहेत. ती आहेत तोवर विचारलेले बरे.