शनिवारचा मासा

आमच्या वेळणेश्वरच्या शाळेत चौथीच्या मुलांनी पहिलीतल्या छोट्यांसाठी संगणकावर बेरजेचा खेळ करायला घेतला. 'स्क्रॅच'मध्ये. मुलांसाठीची ही प्रोग्रॅमिंगची भाषा अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ साली सर्वांना खुली केली. महिनाभर मुलं खपली. रंग काय, आवाज काय! मग छोट्यांना समोर बसवलं, तर ती नुसती बघत राहिली. सूचना सगळ्या लिहिलेल्या, आणि त्यांना वाचता कुठं येतंय? आमची मुलं रडवेली झाली. (चूक माझीच. 'पुरं झाल्यावरच दाखवा' असं मीच म्हटलं होतं.)

मग ठरलं, दर शनिवारी थोडंसंच करायचं, पण चालणारं, आणि लगेच छोट्यांना द्यायचं. पहिल्या शनिवारी नुसते दोन मासे अधिक तीन मासे. एक चिमुरडी पडद्यावरच बोट ठेवून मासे मोजू लागली. पुढच्या शनिवारी माऊसने टिचकी मारली की मासा आकडा बोलू लागला! चुकलं तरी वाया जाणार आठवडाच, महिना नव्हे.

मोठे प्रोग्रॅमरही असंच करतात बरं का. २००१ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात सतरा जणांनी मिळून 'अजाइल' जाहीरनामा लिहिला. त्याचं एक तत्त्व म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर दोनेक आठवडे ते दोनेक महिन्यांनी, शक्यतो लवकरच, देत राहायचं.

आमचे मासे सध्या दहापर्यंतच मोजतात. वजाबाकी येत्या शनिवारी.