बिंदूचा भाव

आपल्या नित्याच्या बोलण्यात 'महाग' हा शब्द दिवसातून चार वेळा तरी येतो. भाजी महाग, सोने महाग, कपाशीचे बियाणे महाग. हा शब्द 'महार्घ' या संस्कृत शब्दाचा झिजून झालेला आहे. 'अर्घ' म्हणजे मोल. आणि देवाला किंवा पाहुण्याला आदराने द्यावयाचे जे 'अर्घ्य', तेही त्याच कुळातले. म्हणजे एकाच घरची ही दोन भावंडे; एक बाजारात गेले व दुसरे देवघरात राहिले. पुढे या दोघांची गाठ क्वचितच पडते. ज्या वस्तूंच्या बाबतीत ती पडते त्यांत चित्राची गणना प्रथम करावी लागेल, आणि म्हणूनच चित्राच्या किमतीविषयी सामान्य गृहस्थाच्या मनाचा फार गोंधळ उडतो.

असाच गोंधळ उडालेल्या एका वाचकांचे पत्र वणी तालुक्यातून आले आहे. त्यांच्या कन्येने चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा उत्तम श्रेणीत दिली असून नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात जाण्याचा तिचा आग्रह आहे. वडिलांचा नकार आहे. तेव्हा तिने एक बातमी त्यांच्यापुढे ठेवली. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईच्या एका लिलावात सय्यद हैदर रझा यांचे 'जेस्टेशन' हे १९८९ सालचे चित्र ५१ कोटी ७५ लाख रुपयांस विकले गेले, अशी ती बातमी. गृहस्थ विचारतात, "या चित्रकाराची चित्रे मी पाहिली. वर्तुळे, त्रिकोण, चौकोन आणि एक काळा ठिपका. कंपासपेटी हाती असलेला पाचवीतला मुलगाही एवढे काढील. जग वेडे की आम्ही? आणि मुलीस उत्तर काय द्यावे?"

प्रश्न दोन आहेत, व दुसरा अधिक जबाबदारीचा आहे. परंतु पहिल्याचा उलगडा झाल्यावाचून दुसऱ्यास हात घालता येणार नाही.

रझा हे आपल्याला परके नव्हेत. त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे झाला. त्या काळी मंडला काय किंवा यवतमाळ काय, दोन्ही जिल्ह्यांचा कारभार नागपुराहूनच चाले. वडील जंगल खात्यात नोकरीस. मुलाचे चित्त शाळेत स्थिर होईना. तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सर्व सोडून याच्याकडे पाहत बैस, असे त्यास सांगितले. योगशास्त्रात चित्त एका ठिकाणी बांधून ठेवण्यास 'धारणा' म्हणतात. खेड्यातल्या त्या गुरुजींनी ती कोणताही ग्रंथ न उघडता शिकविली. पुढे १९३९ ते १९४३ नागपूरच्या चित्रशाळेत व नंतर १९४७ पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत रझांचे शिक्षण झाले. मधल्या काळात त्यांनी गोंदियास ड्रॉइंग मास्तरकी केली. मुंबईत दिवसा एका ब्लॉक-स्टुडिओत नोकरी आणि सायंकाळी अभ्यास, असेही दिवस त्यांनी काढले. १९५० मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळून ते पॅरिसला गेले, आणि १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांस मिळाला.

येथे कोणीही म्हणेल की, झाले, गडी मार्गी लागला. परंतु खरी गोष्ट याच्या पुढे आहे. नाव झाले, चित्रे विकली जाऊ लागली, आणि तरीही आपल्या चित्रांत आपले असे काही नाही, ही रुखरुख त्यांच्या मनास लागून राहिली. ते वारंवार स्वदेशी आले, अजिंठा-वेरूळ पाहिले, काशी व राजस्थान हिंडले. अखेर १९८० च्या सुमारास त्यांच्या कॅनव्हासवर तो ठिपका, म्हणजे 'बिंदू', ठाम येऊन बसला. आणि त्याच्याभोवती पंचमहाभूतांचे रंग व त्रिकोण-चौकोन उभे राहिले. शाळेच्या भिंतीवरील ठिपका कॅनव्हासवर येण्यास सुमारे अर्धे शतक लागले. पाचवीतला मुलगा ठिपका काढील, यात शंका नाही. हे अर्धे शतक तो कोठून आणील?

आता 'यात आहे काय?' या आक्षेपाविषयी. आकृतीतून अर्थ सांगण्याची विद्या आपल्याला पॅरिसहून आलेली नाही. यज्ञवेदी कोणत्या मापाची व कोणत्या आकाराची असावी हे सांगण्यासाठी शुल्बसूत्रे झाली. श्रीयंत्रात एकमेकांत गुंतलेले त्रिकोण आहेत व मध्यभागी बिंदू आहे. त्यात कोणाचे नाक-डोळे दाखविले नाहीत म्हणून कोणी ते निरर्थक मानीत नाही. आणि आपल्या दारातील ठिपक्यांची रांगोळी तरी काय आहे? ठिपके मोजून मांडावयाचे, रेषेने जोडावयाचे; त्यातून कमळ निघो वा नुसती जाळी निघो, अंगणास शोभा येते. ज्या घरात रोज सकाळी ही भूमिती मांडली जाते, त्या घराने वर्तुळ-त्रिकोण पाहून बिचकू नये.

मात्र या रांगोळीस मोल असून किंमत नाही. ती दुसऱ्या दिवशी पुसली जाते. मग चित्रास एवढी किंमत कोठून आली, हे क्रमाने पाहू.

पहिले कारण पुरवठा. आपल्या जिल्ह्यात कपाशीचा भाव कशाने पडतो व कशाने चढतो हे पोरासोरांसही ठाऊक आहे. भाव चढला की पुढील वर्षी पेरा वाढतो आणि भाव उतरतो. चित्राच्या बाबतीत चित्रकार निवर्तला की पेरा कायमचा बंद होतो. रझा २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत वारले आणि स्वतःच्या इच्छेनुसार मंडला येथे वडिलांच्या कबरीशेजारी चिरविश्रांतीस गेले. त्यानंतर त्यांचे एकही चित्र वाढणार नाही. उलट जी संग्रहालयांत जातील ती बाजारातून कायमची उठतील. मूळचे नागपूरचेच दुसरे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांचा जन्म १९२४ चा, मृत्यू २००१ चा. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे काढीत. त्यांचे एक चित्र २०१३ मध्ये मुंबईत सुमारे २३ कोटी ७० लाखांस गेले, दुसरे २०१५ मध्ये सुमारे २९ कोटी ३० लाखांस, आणि १९७० सालचे एक सप्टेंबर २०२५ मध्ये ६७ कोटी ८ लाखांस.

दुसरे कारण मान्यता. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने गायतोंड्यांचे मोठे प्रदर्शन भरविले. २०२३ च्या पूर्वार्धात पॅरिसच्या पाँपिदू केंद्राने रझांचे भरविले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात वरील लिलाव झाला. संग्रहालय चित्र विकत नाही. पण 'हे पाहण्याजोगे आहे' असे ते सांगते, आणि धनिकाचा हात खिशाकडे जातो.

तिसरे कारण घेणाऱ्यांची संख्या. १९९१ नंतर देशात पैसा वाढला, देशी लिलावगृहे निघाली, परदेशी गेलेले आपले लोक बोली लावू लागले. याच संदर्भात एक कायदेशीर बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७२ च्या कायद्यान्वये राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी राय आदी नऊ कलावंतांची चित्रे राष्ट्राचा कलानिधी ठरली असून ती देशाबाहेर नेता येत नाहीत. रझा व गायतोंडे त्या यादीत नाहीत. म्हणून त्यांच्या चित्रांस साऱ्या जगाचे गिऱ्हाईक मिळू शकते.

चौथे कारण अधिक सूक्ष्म आहे. नवी चित्रभाषा समजण्यास समाजास एक पिढी लागते. हॉलंडचा मोंड्रियान काळ्या रेघा व लाल-निळे-पिवळे चौकोन यांखेरीज काही काढीनासा झाला, तेव्हा पोटासाठी त्यास फुलांची चित्रे काढून विकावी लागत. १९४४ मध्ये तो वारला. त्याचे १९३० सालचे तसेच एक चौकोनी चित्र नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क येथे ५ कोटी १० लाख डॉलरांस गेले. चित्र जसेच्या तसेच राहिले. पाहणाऱ्यांची नजर तेवढी तयार झाली.

आता कोणी म्हणेल, 'मास्तर, मग प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे चित्रांत घालावे काय?' त्यांनी पाटी घेऊन बसावे. रझांचे 'तपोवन' हे चित्र न्यूयॉर्कला २००६ मध्ये सुमारे १४ लाख ७० हजार डॉलरांस व २०१८ मध्ये सुमारे ४४ लाख ५० हजार डॉलरांस विकले गेले. बारा वर्षांत तिप्पट! ऐकूनच डोळे दिपतात. पण चक्रवाढीने मांडले तर व्याजाचा दर साल दर शेकडा साडेनऊच्या किंचित वर येतो. त्यातून लिलावगृहाचे शुल्क, विमा व जपणूक वजा करा. शिवाय हे शेकडो चित्रकारांतून निवडलेल्या एकाचे निवडक चित्र. ज्यांची चित्रे माळ्यावर पडून राहिली त्यांची बातमी छापून येत नाही. २००८ च्या मंदीत हाच बाजार कसा कोसळला, तेही विसरू नये.

आणि खोट्या नाण्याचे भय आहेच. २००९ मध्ये दिल्लीतील एका चित्रदालनात रझांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. स्वतः रझा ते पाहावयास गेले, तो बरीचशी चित्रे आपली नव्हेतच असे त्यांस दिसून आले! चित्रकार हयात असता हा प्रकार. पश्चात काय होत असेल? म्हणून चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याचा अखंड कागदोपत्री पुरावा असल्याखेरीज मोठ्या नावास भुलू नये. घरात लावण्यास चित्र अवश्य घ्यावे, पण ते रोज पाहावेसे वाटते म्हणून. उद्या विकता येईल म्हणून नव्हे.

आणखी एक गोष्ट मनास लागते. चित्र प्रथम विकले जाते तेव्हा चित्रकारास जे मिळते ते मिळते. पुढची वाढ ज्याच्या घरी चित्र असेल त्याची. सुगीत घाईने कापूस विकणारा शेतकरी आणि तो गंजीस लावून थांबणारा व्यापारी यांचा हिशेब आपल्याकडे कोणास समजावून सांगावा लागत नाही. फ्रान्सने १९२० मध्येच कायदा करून पुनर्विक्रीच्या किमतीत कलावंताचा वाटा ठेवला. आपल्याकडे ही तरतूद १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आली. मूळ चित्र पुन्हा दहा हजार रुपयांहून अधिक किमतीस विकले गेल्यास चित्रकारास किंवा त्याच्या वारसांस वाटा मागता येतो; तो शेकडा दहाहून अधिक असू शकत नाही. चित्रकारांच्या कुटुंबांनी हे कलम माहीत करून घेतले पाहिजे.

असो. आता त्या कन्येचा प्रश्न. आपल्या ध्यानात आले असेल की, बाप आणि लेक दोघेही एकाच बातमीवरून वाद घालीत आहेत, व ती बातमी दोघांच्याही उपयोगाची नाही. मुलीने ती पुरावा म्हणून मांडू नये; कारण चित्र रंगविल्यानंतर चौतीस वर्षांनी व चित्रकार वारल्यानंतर सात वर्षांनी आलेला तो भाव आहे. त्यावर कोणाचेही घर चालले नाही. आणि वडिलांनी 'हे ठिपके काढण्याचे वेड' म्हणून तिला थांबवू नये. कारण वेडाची परीक्षा बाजारात होत नसते.

ती घरात होते. माझे सांगणे एवढेच की, आपण वर्षभर तिच्याकडे लक्ष ठेवा. कोणी पाहत नसता, बक्षीस नसता, परीक्षा नसता ती चित्रास बसते काय? न साधलेले चित्र बाजूस ठेवून तेच पुन्हा काढते काय? तसे असेल तर तिला नागपुरास खुशाल पाठवावे. पाठविताना स्पष्ट सांगावे की, पोटाची सोय आधी, कीर्ती मागून; आणि कापडावरची नक्षी, छापखाना, पुस्तकांची सजावट व ड्रॉइंगची मास्तरकी यांपैकी कोणतेही काम कमी प्रतीचे नाही. रझांनी मास्तरकी केली, छापकामाच्या ठोकळ्यांपाशीही दिवस काढले. तसे न आढळल्यास तिचे तिलाच कळून येईल, आणि आपल्या नकाराची गरजही उरणार नाही. पण तिचे वर्ष फुकट दवडू नये. तोवर तिला रंग, कागद आणि बसावयास उजेडाची एक जागा द्यावी. एवढा खर्च कपाशीच्या मध्यम सालातही निघतो.

वाचकांपैकी कोणाच्या घरी आजी-पणजीच्या हातची ठिपक्यांच्या रांगोळ्यांची जुनी वही असेल, तर तिची नक्कल अवश्य करून ठेवावी. त्या वह्यांतील भूमितीविषयी पुढील महिन्यात लिहिण्याचा विचार आहे.