पंचम-धैवतातला सांधा

गणपती जवळ आले की लांजा तालुक्यात संध्याकाळी पेट्या बाहेर निघतात. भांबेड असो, शिपोशी असो की साटवली, वाडीवाडीतली भजन मंडळं तालमीला बसतात, जाखडीची पोरं घुंगरं बांधतात आणि मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांसाठी नवी गाणी बसवली जातात. तालमीतला पहिला निर्णय असतो पट्टीचा. काळी चार की काळी पाच, एवढाच प्रश्न. त्याखाली उतरणं म्हणजे कमीपणा. बुवांचा गळा वर्षानुवर्षांच्या सवयीने त्या पट्टीत बसलेला असतो. त्यांच्या मागे बसून कोरस धरणारा नववीतला मुलगा मात्र तिथे गात नसतो, ओरडत असतो. त्याच्या मानेच्या शिरा ताठ होतात, हनुवटी वर जाते आणि ओळीच्या मध्यावर आवाज अचानक फाटतो. सगळे हसतात, तोही हसतो, आणि पुढच्या वर्षी तो गायला बसत नाही.

हा मुलगा गाण्यातून जातो तो सूर कच्चा म्हणून नव्हे. त्याच्या खालच्या आणि वरच्या आवाजाचा सांधा कुणी जुळवून दिलेला नसतो, हे त्यामागचं खरं कारण.

काळी चारचा षड्ज पुरुषाच्या गळ्यात साधारण २०८ हर्ट्‌झचा असतो. त्याचा पंचम ३११च्या आसपास, धैवत ३५०च्या थोडा अलीकडे आणि तार षड्ज ४१५ला. छातीत घुमणारा, बोलण्याच्या जातीचा आवाज बहुतेकांना ३०० ते ३५० हर्ट्‌झच्या आगेमागेपर्यंतच सहज नेता येतो. म्हणजे या पट्टीत गळ्याचा सगळ्यात नाजूक टप्पा नेमका मध्य सप्तकाच्या पंचम-धैवतावर येतो, आणि भजनाची चाल तर तिथेच सारखी घुटमळते. काळी एकमध्ये ख्याल गाणाऱ्या पुरुषाला हीच जागा तार गंधाराच्या आसपास भेटते, तीही बढत करत वर गेल्यावर. भजनी बुवांना ती ओळीओळीत ओलांडावी लागते.

तिथे घडतं काय, ते साधं आहे. स्वरतंतूंवर प्रामुख्याने दोन स्नायूंची सत्ता चालते. एक खुद्द तंतूंच्या आत असतो; तो आवळला की तंतू आखूड आणि जाड होतात, त्यांचं सगळं अंग थरथरतं आणि भरीव, खालचा आवाज येतो. दुसरा स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूला असतो. तो कूर्चा कलती करून तंतू ताणतो, मग ते पातळ होतात, मुख्यतः कडाच हलतात आणि हलका, वरचा आवाज निघतो. चढताना पहिल्याने हळूहळू पकड सोडायची आणि दुसऱ्याने हळूहळू घ्यायची, याचं नाव आवाज जुळणं. पहिला हट्टाने धरून बसला की ओरडणं होतं, आणि एकदम सुटला की आवाज फाटतो. कुणी हा खड्डा टाळण्यासाठी पंचमापासूनच पोकळ, चोरट्या आवाजात शिरतं. तिथे सूर लागतो, पण शब्द हरवतात आणि ढोलकीपुढे तो आवाज टिकत नाही.

चौदा-पंधराव्या वर्षी मुलाचा आवाज फुटतो तेव्हा तंतू लांब होतात आणि बोलण्याचा आवाज जवळपास एका सप्तकाने खाली येतो. काल ज्या पट्टीत तो आरत्या म्हणत होता तिथे आज त्याचा सांधा आलेला असतो, आणि आपण त्याला तीच पट्टी देतो. मुलींचा आवाजही याच वयात दोन-तीन अर्धस्वरांनी उतरतो, पण ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

ही जाण आपल्याकडे परकी नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात उर, कंठ आणि शिर अशी आवाजाची तीन स्थानं सांगितली आहेत. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादेत, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यानेही मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मस्तकात ठेवला. पुढे जाऊन त्याने आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक असे चार प्रकार केले. त्याचं वर्गीकरण कफ-पित्त-वाताचं आहे, आजच्या शरीरशास्त्राशी ते ओळीने जुळवू नये. तरीही तिन्ही स्थानांत सारखाच भरीव राहणाऱ्या आवाजाला त्याने स्वतंत्र नाव दिलं, यावरून त्याने किती बारकाईने गवई ऐकले असतील ते कळतं. युरोपात मान्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४मध्ये छोट्या आरशाच्या मदतीने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. तोवर जड आणि हलका या आवाजाच्या दोन जाती मुख्यतः कानानेच ओळखल्या जात होत्या.

मराठी मुलखात या विषयाला शास्त्राची जोड देण्याचं मोठं श्रेय मिरजेच्या प्रा. बी. आर. देवधरांचं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य मुंबईत स्क्रिन्झी नावाच्या युरोपीय शिक्षकाकडे पाश्चात्त्य संगीत शिकले, १९२५मध्ये त्यांनी गिरगावात आपली संगीतशाळा काढली आणि आवाज जोपासण्याचं शास्त्र आयुष्यभर अभ्यासलं. कुमार गंधर्व याच शाळेत घडले. पुढे डॉ. अशोक दा. रानडे यांनी देवधरांकडून ही विद्या घेतली आणि ती गायकांबरोबर नटांपर्यंतही नेली. एवढी परंपरा हाताशी असताना आजही संगीताच्या परीक्षेची तयारी म्हटली की राग, ताल आणि लेखी पेपर एवढंच डोळ्यांपुढे येतं. आवाज आपोआप तयार होतो, असं आपण धरून चालतो.

तो आपोआप तयार होत नाही, याचा सर्वांत मोठा पुरावा आंबा घाट चढून गेल्यावर कोल्हापुरात सापडतो. शाहू महाराजांच्या आश्रयाला येण्यापूर्वी उस्ताद अल्लादिया खाँ आमलेट्याच्या दरबारी होते. तिथे सतत गावं लागल्याने त्यांचा आवाज बसला आणि बराच काळ परत आला नाही. आला तो पूर्वीचा नव्हता. त्यांनी गेलेल्या आवाजामागे न धावता, मिळालेल्या आवाजाला साजेशी गायकी नव्याने रचली. जयपूर-अत्रौली म्हणून आपण जी ऐकतो ती हीच. गंगूबाई हनगल यांची कथाही अशीच. १९३०च्या दशकातल्या ‘गांधारी हुबळी’ या नावाच्या त्यांच्या तबकड्यांवर एक पातळ, टोकदार, उंच आवाज आहे. नंतर घशाच्या शस्त्रक्रियेने तो भारदस्त, जवळपास पुरुषी झाला. सवाई गंधर्वांच्या या शिष्येने त्याच आवाजात पुढची कित्येक दशकं मैफली गाजवल्या. आवाज फुटला म्हणजे गाणं संपलं, असं समजणाऱ्या प्रत्येक मुलाला या दोन गोष्टी कुणीतरी सांगायला हव्यात.

सांधा कसा जुळतो हे ऐकायचं असेल तर बायकांचं गाणं ऐकावं. हिंदुस्थानी गाणाऱ्या बऱ्याच स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गातात. त्यांनाही तो टप्पा मध्य सप्तकातच, मध्यमापासून धैवतापर्यंत भेटतो. रियाजात, मैफलीत, रोज. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या दोघी गोव्याच्या आणि दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. केसरबाईंच्या ध्वनिमुद्रिकेत खुला, गोल आकार मध्य षड्जावरून तार षड्जाकडे निघतो आणि वाटेत कुठे जड हलकं झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. लता मंगेशकरांनी उलटी वाट धरली. वरचा हलकेपणा त्यांनी खाली, मंद्राच्या काठापर्यंत आणला. १९४९च्या ‘महल’ चित्रपटात तो आवाज घराघरांत पोचला तेव्हा जड आवाजांना सरावलेल्या कानांना तो कोवळा वाटला असेल, पण त्यातला सांधा कधीच उघडा पडला नाही. खालून वर आणि वरून खाली, दोन्ही वाटांनी पोचता येतं.

फाटणारा आवाज हा दर वेळी दोषच असतो असंही नाही. किशोर कुमारने यॉडेलिंगमध्ये हीच उडी मुद्दाम उघडी ठेवली. माचाळसारख्या डोंगरावरच्या गावात पलीकडच्या उतारावरच्या माणसाला साद घालताना आवाज जसा शेवटाला वर उडतो, तीही हीच उडी. प्रश्न उडीचा नाही, ती गाणाऱ्याच्या इच्छेने झाली की नाही याचा आहे.

वरच्या पट्टीची बाजूही समजून घ्यायला हवी. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा भजनाची बारी शेवटच्या माणसापर्यंत पोचवायची तर उंच, धारदार आवाजाला पर्याय नव्हता. संगीत नाटकांतही तेच. १९२१च्या संयुक्त ‘मानापमान’मध्ये बालगंधर्वांसमोर उभे राहिलेले केशवराव भोसले त्यांच्या पल्लेदार, चढ्या आवाजासाठीच ओळखले जात. पखवाज, टाळ आणि झांजेच्या गजरातून वर उठणारा आवाज हा कोकणच्या भजनाचा आणि नमन-खेळ्यांचा प्राण आहे. त्याला ख्यालाच्या साच्यात बसवायला कुणी निघालं तर त्याला अडवलंच पाहिजे. पण आता वाडीवाडीत माइक आहे. पोचवण्याचं काम यंत्राकडे गेलं, पट्टी मात्र खाली आली नाही. प्रौढ बुवांना ती शोभते, त्यांनी ती कमावली आहे. पंधरा वर्षांच्या मुलावर ती लादण्याचं कारण आता उरलेलं नाही.

मग करायचं काय? पहाटेचा खर्जाचा रियाज हे आपल्याकडचं नेहमीचं उत्तर. तो चांगलाच, त्याने आवाजाला पाया येतो. परंतु एकट्या खर्जाने खालच्या आवाजाचाच स्नायू बळकट होतो, आणि सांध्याशी पकड सोडायची ती नेमकी त्यालाच. त्यामुळे खर्जाच्या जोडीने वरून खाली येण्याचा सराव हवा. पेटीवर काळी चार धरावी आणि तार षड्ज ‘ऊ’वर, बोलण्याहूनही हलक्या आवाजात लावावा. तिथून मींडेने धैवत, पंचम, मध्यम असं उतरावं. पंचमाच्या आसपास आवाज थरथरेल, कधी तुटेल. त्याला तुटू द्यावं, पण जोर लावून तो भरू नये. पंधरा-वीस दिवसांत ती थरथर कमी होऊ लागते. मग ‘ऊ’च्या जागी ‘ओ’, आणि अगदी शेवटी ‘आ’, कारण आकारात जड आवाज ओढून वर नेण्याचा मोह सर्वांत जास्त असतो. त्यानंतर एकटा धैवत धरावा, हळू सुरू करून सावकाश मोठा करावा आणि तितक्याच सावकाश परत हळू. हा धैवत जिथे न तुटता मोठा होतो तिथे दोन्ही स्नायू एकमेकांना ओळखू लागलेले असतात. पाण्याच्या पेल्यात बारीक नळी बुडवून बुडबुडे काढत सूर धरण्याचा व्यायाम आवाजाचे उपचारतज्ज्ञ देतात. तोही घरी होण्यासारखा आहे आणि गळ्यावर ताण टाकत नाही.

यात दहा मिनिटं जातात. तालमीत चहाला त्याहून जास्त वेळ लागतो.

आवाज फुटण्याच्या काळातल्या मुलांना सहा-आठ महिने पांढरी एक ते काळी दोन या पट्ट्यांत गाऊ द्यावं, शाळेच्या समूहगीतातही त्यांचा गट वेगळा करावा. कोरसमध्ये त्यांना खालच्या सप्तकातली ओळ दिली तर गाणं उलट भरीव लागतं. मुलींची पट्टी मुलांच्या सोयीने ठरवू नये, मुलांची मुलींच्या सोयीने नको. घसा तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर काढे, हळद, खडीसाखर यांवर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं; सततच्या ओरडण्याने स्वरतंतूंवर गाठी येतात, आणि वेळेत लक्षात आल्या तर पुष्कळदा त्या विश्रांतीने आणि आवाजाच्या व्यायामांनी बऱ्या होतात.

शेवटचं सांगणं तालुक्यात भजनाच्या आणि गायनाच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना. सोळा वर्षांखालच्या स्पर्धकांसाठी पट्टीची मोकळीक आहे, हे नियमांत छापा आणि माइकवरूनही जाहीर करा. परीक्षकांच्या कागदावर सूर, ताल, शब्दोच्चार यांच्या खाली आवाजाच्या लगावाचा एक रकाना वाढवा. उंच ओरडून टाळ्या घेणाऱ्या मुलापेक्षा पांढरी एकमध्ये सरळ, न तुटता गाणाऱ्या मुलाला त्या रकान्यात जास्त गुण मिळाले, की पुढच्या हंगामाच्या तालमीत पट्टी ठरवण्यापूर्वी बुवा त्याचा गळा ऐकून घेतील.