न सांगता द्यावयाची पुडी

रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या हिरकणीवाडीहून व आसपासच्या वाड्यांहून महाडला आमच्याकडे येणाऱ्या भगिनींची एक मागणी ठरलेली असते. स्वतःची कंबरदुखी सांगून झाली की दाराकडे पाहत त्या हळूच म्हणतात, "डॉक्टर, चहातनं देता येईल असं काहीतरी द्या. ह्यांना कळता नये." आपणांपैकी प्रत्येकाने हे ऐकले असेल. उत्तरादाखल आपल्यातील काहींच्या फडताळातून पुडी निघते, हेही आपण सारे जाणतो.

या पुडीविषयी स्पष्ट लिहिणे आम्हास आवश्यक वाटते. घटकद्रव्ये न छापता 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णात डायसल्फिराम मिसळलेले असू शकते. ते पोटात असताना मद्य घेतल्यास वांत्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. हृद्रोग्याच्या प्राणावरही बेतते. आधुनिक वैद्यक हे औषध रुग्णास समजावून, त्याच्या संमतीनेच देते. ते चोरून द्यावयाचे आणि नाव मात्र चरकाचे घ्यावयाचे, हा कोणता न्याय?

चरकाने चिकित्सास्थानाचा २४ वा अध्याय मदात्ययास दिला. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अहितकर सवय पादांशक्रमाने सोडावी असे सांगितले. अकस्मात त्याग बाधतो, हे त्या काळी ठाऊक होते; आम्हास ते चुकून शिकावे लागले. काही वर्षांपूर्वी रोज पिणाऱ्या एका गृहस्थास 'उद्यापासून थेंबही नको' असे बजावून आम्ही ब्राह्मी व अश्वगंधा दिली. दुसऱ्या रात्री त्यास झटके आले. पावसाळी रात्र, महाड सुमारे २५ किलोमीटर, वाहन मिळेना. तो वाचला, त्याचे श्रेय आमचे नव्हे. दीर्घकाळ नित्य पिणाऱ्यास मद्य थांबविल्यापासून ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, पुढे कंप व भ्रम होतो. अशा रुग्णाची पहिली पायरी रुग्णालय हीच होय. आपले काम त्यानंतरचे: अग्नी, निद्रा, बल आणि महिनोन्महिने पाठपुरावा.

परंतु पाठवावे कोठे? डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभे केले. तेथील निवासी उपचार पाच आठवड्यांचा. रोजंदारीवरील माणसाच्या घरात पाच आठवडे चूल कशी पेटावी? त्यातून पावसाळ्यात वरंध घाट वाहतुकीस बंद होतो. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात मद्याच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकासच काही उपचार मिळतो. आमच्या डोंगरपट्ट्यात तोही मिळत असेल का, शंकाच आहे.

केवळ मद्याचाच प्रश्न आहे असेही नव्हे. जुलै २०२५ मध्ये महाडच्या औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी कोट्यवधी रुपयांचे केटामाइन पकडले. व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने शासनमान्य केंद्रात उपचार घेऊ इच्छित असेल, तर सेवनाच्या गुन्ह्यात तिला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ अमली पदार्थ कायद्यात आहे. पण केंद्रच जवळ नसेल तर कलमाचा उपयोग काय?

औषधालयचालक बंधूंनाही एक शब्द. कामिनीविद्रावण रसात अहिफेन आहे. अनुसूची ई-१ मधील द्रव्य असल्याने वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. तरी दर पंधरवड्यास तोच चालक चिठ्ठीविना तीच डबी मागतो, आणि आपण गल्ला उघडतो. हे ग्राहक टिकविणे नव्हे. आसवारिष्टांच्या बाटल्या औषधाच्या मात्रेपलीकडे नेणाऱ्यासही विचारावयास हवे.

संघटनेने महाड व पोलादपूर तालुक्यांतील सदस्यांसाठी मद्यत्यागाच्या लक्षणांवर एक दिवसाचे शिबिर घ्यावे आणि उपजिल्हा वा ग्रामीण रुग्णालयाकडे रुग्ण धाडण्याची एकच छापील चिठ्ठी ठरवावी, अशी आमची सूचना आहे. १४४४६ हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक आम्ही चिकित्सालयाच्या दारावर लावला आहे.

त्या भगिनीस आम्ही पुडी दिली नाही. "त्यांनाच घेऊन या" म्हटले. ती रागावून गेली. तिसऱ्या आठवड्यात आली, तेव्हा तिचे यजमान बाहेर पायरीवर बसले होते. आत यावयास त्यांना अर्धा तास लागला.