‘पेट स्कॅन’ म्हणजे पोटाचा स्कॅन नव्हे

डॉक्टरांनी पेट स्कॅन लिहून दिला की आमच्या मोहल्ल्यातल्या घरांत पहिला प्रश्न येतो, “बीमारी तो सीने में है, फिर पेट का स्कॅन क्यों?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. उर्दूत पेट म्हणजे पोट. इथले ‘पेट’ मात्र पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफी या नावाच्या आद्याक्षरांचे आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ही तपासणी रुग्णाला त्याच्या भाषेत समजावणे ही मेहेरबानी नाही, तो उपचाराचाच भाग आहे, असे माझे मत आहे.

सीटी स्कॅनमध्ये मुख्यतः अवयवाचा आकार दिसतो, पेट स्कॅनमध्ये पेशींचे काम दिसते. एफडीजी नावाचे साखरेसारखे द्रव्य शिरेतून देतात. त्यात फ्लोरिन-18 हा किरणोत्सर्गी अणू असतो. अनेक कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून तासाभराने घेतलेल्या चित्रात त्या जागा उजळतात. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे डोस उद्यासाठी ठेवता येत नाही.

त्याआधी चार ते सहा तास उपाशी राहायचे असते. ‘उपाशी’ म्हणजे फक्त जेवण नको, असे समजून कोणी चहा-बिस्किटे खाऊन गेला की चित्र बिघडू शकते आणि तपासणी पुढे ढकलली जाते. गावाहून आलेल्या माणसाची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही बुडते.

रमजानमध्ये “रोजा तर आहेच” असे वाटते. पण या तपासणीला पाणी भरपूर प्यायला सांगतात. मधुमेह असेल तर गोळ्या-इन्सुलिनचे डॉक्टरांनाच विचारावे. आजाऱ्याने रोजे नंतर पुरे करावेत, ही सवलत कुरआनमध्येच, सूरह बकरात आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे उजळले ते सगळे कॅन्सर. टीबीच्या गाठी, जंतुसंसर्ग, साधी सूजही उजळते, आणि टीबी आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. म्हणून शंका असेल तिथे तुकडा काढून तपासतात. उलट, काही कॅन्सर या द्रव्याने फारसे उजळतही नाहीत. रिपोर्टमधला एक इंग्रजी शब्द मोबाइलवर शोधून घरात मातम सुरू करणे हा रुग्णावर जुलूम आहे.

दुसरा गैरसमज असा की गाठ साखर ओढते, तर रुग्णाचा भात-गोड बंद करा. शरीर साखर स्वतःही बनवते. उपासमारीने गाठ मरत नाही, माणूस खंगतो आणि केमो सोसेनासा होतो.

तपासणी केंद्रांनी मराठी आणि उर्दूत एक पान छापावे: काय खायचे नाही, काय प्यायचे, कोणती औषधे आधी सांगायची, घरी गेल्यावर तान्ह्या मुलांपासून आणि गरोदर बाईपासून किती तास दूर राहायचे. आणि आपण रिपोर्ट हाती येताच फैसला सुनावू नये. डॉक्टरांसमोर बसून विचारावे, “याचा अर्थ आम्हाला आमच्या भाषेत सांगा.” तो आपला हक्क आहे.