मासा कुणी मारला?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात उन्हाळा म्हणजे तलाव, आणि तलाव म्हणजे वॉलआय. 1965 पासून हा तिथला अधिकृत राज्यमासा आहे. पिवळसर सोनेरी अंग आणि काचेसारखे निस्तेज दिसणारे मोठे डोळे. मांजरीच्या डोळ्यांप्रमाणे याच्याही डोळ्यांत प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे तो अंधुक उजेडात शिकार करतो. म्हणून त्याच्या मागे लागलेली माणसेही सूर्य कलल्यावर होड्या काढतात.

मिनियापोलिसला नोकरीसाठी गेलेल्या माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी मला मिल लॅक्स या तलावावर नेले. शहरापासून उत्तरेला दीडेकशे किलोमीटर. तलाव म्हणतात, पण पाचशे चौरस किलोमीटरहून मोठे पाणी. पलीकडचा काठ दिसत नाही. खोली मात्र बारा-तेरा मीटरच्या पुढे कुठेच नाही. तिथे ‘लाँच’ नावाच्या मोठ्या होड्या भाड्याने मिळतात. माणशी एक रॉड देतात आणि गळाला लावतात जळू. आपल्याकडे ओढ्यात पायाला चिकटते तिची नातलग. मासा जुबह न करता हलाल, त्यामुळे भाच्याच्या घरी वॉलआय आवडीने खाल्ला जातो. मात्र त्या दिवशी आम्ही धरलेले बहुतेक मासे मापात बसत नव्हते म्हणून पाण्यात परत गेले. आमच्या कोकणात मासा धरून सोडून देणाऱ्याला लोक वेड्यात काढतील, पण ते असो.

मला लिहायचे आहे ते लाँचवर ऐकलेल्या एका वाक्याबद्दल. शेजारचे वयस्कर गृहस्थ सहज म्हणाले, “पूर्वी इथे खूप मासा होता. इंडियनांच्या जाळ्यांनी संपवला.” इंडियन म्हणजे आपण नव्हे, तिथले मूलनिवासी. पुढच्या दोन दिवसांत हेच वाक्य दुकानात आणि पेट्रोल पंपावरही कानावर आले. कुणी रागाने म्हटले नाही. पाऊस लांबला असे म्हणावे तितक्या सहज म्हटले. म्हणूनच ते तपासून पाहावेसे वाटले.

मिल लॅक्सच्या काठी ओजिब्वे लोक राहतात. 1837 साली त्यांनी अमेरिकी सरकारशी करार करून आजच्या मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमधला प्रचंड मुलूख दिला. देताना एक गोष्ट राखून ठेवली: त्या मुलखात शिकार करायचा, मासे धरायचा आणि जंगली भात गोळा करायचा हक्क. आपल्याकडे शेत विकताना खरेदीखतात विहिरीच्या पाण्याचा हिस्सा राखून ठेवतात, तसेच हे. घेणाऱ्याने शेत कसले, पिके घेतली, आणि दीडशे वर्षांनी तो म्हणू लागला की विकणाऱ्याचा पोरगा माझ्या विहिरीवर फुकट पाणी भरतो. या भाषेत राखून ठेवलेला हक्क ‘खास सवलत’ होऊन बसतो. आपल्या वाचकांना ‘लांगूलचालन’ या शब्दाचा प्रवास ठाऊक आहे. तिकडे त्याचा चुलतभाऊ फिरतो.

1990 मध्ये मिल लॅक्सचे ओजिब्वे न्यायालयात गेले. 1993 मध्ये राज्य सरकारने त्यांच्याशी तडजोड केली, पण विधिमंडळाने ती फेटाळली. अमेरिकन फुटबॉलचे लोकप्रिय प्रशिक्षक बड ग्रँट तडजोडीविरोधातल्या मोहिमेत पुढे होते. खटला चालू राहिला आणि मार्च 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला: हक्क शाबूत आहे. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिले. राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी 1850 मध्ये हुकूम काढून हे हक्क रद्द केल्याचा युक्तिवाद टिकला नाही.

तेव्हापासून दरवर्षी ठरते की तलावातून एकूण किती पौंड वॉलआय काढायचा. त्याचे दोन वाटे होतात. 2015 मध्ये एकूण आकडा होता 40 हजार पौंड, म्हणजे अठरा टन. त्यातले 28,600 पौंड राज्याच्या गळवाल्यांना आणि 11,400 पौंड आठ ओजिब्वे समूहांना मिळून. शंभरातले एकाहत्तर एकीकडे, एकोणतीस दुसरीकडे. तरी राज्याचा वाटा मध्येच संपला आणि 3 ऑगस्टला हंगाम बंद करावा लागला.

पुढच्या वर्षी जे घडले ते मला सर्वांत बोलके वाटते. 2016 मध्ये नियम केला की एकही वॉलआय घरी न्यायचा नाही. धरा, फोटो काढा, सोडा. तरीही उन्हाळा सरण्याआधी राज्याचा वाटा ओलांडला गेला. एकही मासा ताटात न पडता हे कसे झाले? कारण सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. गळ खोल घशात किंवा पोटात रुतलेला असतो, झुंजीने तो थकलेला असतो, आणि उन्हाळ्यात पाणी तापलेले असते. गार पाण्यात हाच मासा सावरतो. जुलै-ऑगस्टच्या पाण्यात त्यातले काही पोहत जातात आणि नंतर मरतात. मत्स्यविभाग या मृत्यूंचा अंदाज काढून ते राज्याच्या वाट्यात धरतो. वाटा संपला तरी त्या साली तलाव खुलाच ठेवला गेला. ओजिब्वेंनी वाटा ओलांडून जाळी चालूच ठेवली असती तर काय गदारोळ झाला असता, याची कल्पना करून पाहा.

जाळे दिसते. वसंतात बर्फ वितळला की काठावर ओजिब्वेंच्या होड्या लागतात, मासा उतरवतात, मोजतात, नोंद होते. सगळे उघड्यावर. सोडलेला मासा मात्र रात्री कुठेतरी तळाशी मरतो, आणि ज्याने सोडला तो “मी तर एकही मारला नाही” म्हणत निर्धास्त झोपतो. माझे भांडण या निर्धास्तपणाशी आहे.

जाळ्यांवर एक आक्षेप ऐकू येतो, आणि तो वरवर रास्त वाटतो: ते लोक अंडी घालण्याच्या दिवसांत मासा धरतात. गाभोळी भरलेला मासा मारू नये असे कोकणातही म्हणतात. पण जी मादी ऑगस्टमध्ये गळाने मेली ती पुढच्या वसंतात अंडी घालायला कुठून येणार? शिवाय मिल लॅक्सचे दुखणे अंड्यांचे नाहीच. 2014 मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांना बोलावून तपासणी झाली तेव्हा दिसले की पिल्ले पुरेशी निघतात, पण वर्ष-दीड वर्ष जगत नाहीत. तलाव बदलला आहे. काठावरच्या घरांचे सांडपाणी आटोक्यात आले, पुढे झेब्रा शिंपले आले, पाणी नितळ झाले. अंधुक पाण्यातला हा शिकारी उघडा पडला. परदेशी जातीचा काटेरी पाणपिसू आला आणि पिल्लांचे सूक्ष्म खाद्य खाऊ लागला. पाणी तापू लागले तसा गार पाण्यात राहणारा टुलिबी कमी झाला. तो मोठ्या वॉलआयचे भक्ष्य होता. मग मोठे वॉलआय आपल्याच पिल्लांवर तुटून पडतात. यातल्या कशालाही चेहरा नाही. ओजिब्वेंना आहे.

शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये हेच आधी आणि वाईट रीतीने घडले होते. 1983 मध्ये तिथे न्यायालयाने हक्क मान्य केला. ओजिब्वे वसंताच्या रात्री दिव्याच्या उजेडात भाल्याने मासा मारत, तेव्हा काठावर जमाव जमे. दगड, शिव्या, आणि ‘वॉलआय वाचवा, इंडियनाला भोसका’ अशा अर्थाचे फलक. 1991 मध्ये संघीय सरकार, राज्य आणि ओजिब्वे यांच्या संयुक्त पाहणीचा अहवाल आला: भालेमारीने मासा घटलेला नाही. जमाव पांगला. पण मी ऐकलेले वाक्य तसल्याच जमावांचे उरलेले अन्न आहे असे मला वाटते.

लाँचवाल्यांचे आणि काठावरच्या छोट्या रिसॉर्टवाल्यांचे नुकसान खरे आहे, हेही लिहायला हवे. हंगाम ऑगस्टच्या सुरुवातीला बंद झाला की वर्षाची कमाई जाते. त्यांचा राग समजतो. पत्ता चुकीचा आहे.

आता मस्कीबद्दल. हा वॉलआयहून कितीतरी मोठा, लांबट, मगरीसारख्या जबड्याचा शिकारी. मिल लॅक्समध्ये तो मूळचा नाही, राज्याने आणून सोडलेला. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मिळतो अशी म्हण आहे. होडीपर्यंत आमिषामागे येतो आणि थबकतो, म्हणून शेवटी रॉडचे टोक पाण्यात आठच्या आकड्यासारखे फिरवतात. ठेवायचा तर किमान 54 इंच हवा, आणि बहुतेक मस्कीवाले तेवढाही ठेवत नाहीत. 2021 च्या नोव्हेंबरात याच तलावात पंचवीस किलोंहून जास्त वजनाचा मस्की मिळाला, राज्याचा विक्रम. पकडणाऱ्यांनी तो सोडायचा खूप प्रयत्न केला, पण तो पुन्हा पोहला नाही. नोव्हेंबरच्या थंडगार पाण्यात ही गत.

जिवंत प्राण्याला नेमाचा खेळ करू नका, अशी हदीसची शिकवण मी लहानपणी ऐकली आहे. सोडण्यासाठीच मासा धरणे त्यात बसते का, यावर भाच्याशी परतीच्या वाटेवर बराच वाद झाला. तो म्हणाला, “मामू, मस्कीवाले निदान थर्मामीटर ठेवतात.” हे खरे आहे. पाणी 80 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे साधारण 27 अंश सेल्सियसपर्यंत तापले की त्यांच्यातले बरेच जण आपणहून घरी बसतात. तसा कायदा नाही, त्यांनीच पाडलेली रीत आहे. आमच्या लाँचवर पाण्याचे तापमान कुणी पाहिले नाही.